उघडी संहिता, झाकलेला माणूस

१

संगणकाला चालवणाऱ्या आज्ञावलीची मूळ संहिता ज्याला हवी त्याला वाचता आली पाहिजे, आणि माणसाचे खासगी आयुष्य मात्र त्याच्या संमतीवाचून कोणालाही वाचता येता कामा नये, अशा दोन मागण्या गेली चार दशके बहुधा एकाच गोटातून केल्या जात आहेत. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारी व्यक्ती पुष्कळदा पाळतीच्या राजकारणाचीही विरोधक असते. वरवर पाहता या दोन भूमिकांत वदतोव्याघात आहे. उघडेपणा हे मूल्य असेल तर ते यंत्राला लागू आणि माणसाला गैरलागू, असे कशाच्या आधारे म्हणावयाचे? आणि झाकण्याचा हक्क हे मूल्य असेल, तर आपली आज्ञावली झाकून ठेवणाऱ्या उत्पादकाला तो का नसावा?

हा आक्षेप दोन दिशांनी येतो. शासनसंस्था म्हणते, ज्याच्यापाशी लपवण्यासारखे काही नाही त्याला भय कशाचे? बाजारपेठ म्हणते, ज्यांना दुसऱ्याच्या बौद्धिक निर्मितीवरील स्वामित्व मान्य नाही त्यांनी स्वतःविषयीच्या माहितीवर स्वामित्व सांगू नये. दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे. उघडेपणा आणि गुप्तता हे वस्तूंचे गुण आहेत, आणि ज्याला एक गुण प्रिय आहे त्याने तो सर्वत्र स्वीकारलाच पाहिजे, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे.

साहित्यसमीक्षेने या प्रश्नात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की हा प्रश्न अखेर वाचनाचा आहे. कोणती संहिता कोणी वाचावी, तिच्यात कोणी फेरफार करावेत, फेरफारांची नोंद कशी राहावी, आणि जे वाचले जाते त्याची संमती कोणी घ्यावी, या प्रश्नांशी मराठीतील ग्रंथव्यवहार सात शतके झगडत आला आहे. तंत्रज्ञांनी हे प्रश्न नव्याने शोधून काढलेले नाहीत. ते त्यांच्यापुढे नव्या माध्यमातून येऊन उभे राहिले आहेत.

२

आरंभी काही शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल, कारण मराठीतील शब्द या वादात निष्पक्ष राहत नाहीत. 'संहिता' या एकाच शब्दाने मराठीत साहित्यकृतीचा पाठ, कायद्याचा ग्रंथ आणि संगणकाचा कोड अशा तीन गोष्टींचा निर्देश होतो. लॉरेन्स लेसिग या अमेरिकन विधिज्ञाने १९९९ मध्ये पुस्तकरूपाने जो सिद्धांत मांडला, की सायबर अवकाशात कोड हाच कायद्याचे काम करतो, तो मराठीत जणू व्युत्पत्तीनेच सिद्ध झालेला आहे. दंडसंहिता माणसाला अमुक करू नको असे सांगते. संगणकाची संहिता अमुक करताच येणार नाही अशी व्यवस्था करते. पहिलीचा भंग करता येतो आणि मग न्यायालयात तिचा अर्थ लावला जातो. दुसरीत भंगाला जागा नसते, म्हणून अर्थनिर्णयनालाही जागा उरत नाही. ज्या कायद्याचा अर्थ लावण्याची संधीच नागरिकाला मिळत नाही, तो निदान त्याला वाचता तरी यावा, ही मागणी त्यामुळे केवळ तंत्रज्ञांची राहत नाही.

इंग्रजीत मुक्त सॉफ्टवेअरला जो शब्द योजला गेला त्यात 'मोफत' आणि 'स्वतंत्र' हे दोन्ही अर्थ मिसळले होते, आणि त्या संदिग्धतेचा खुलासा करण्यात चळवळीची बरीच शक्ती खर्ची पडली. मराठीत फुकट आणि मुक्त यांची गल्लत होत नाही. पण येथे दुसरी एक फट दिसते. १९९८ मध्ये या चळवळीतील एका गटाने 'मुक्त' हे नाव सोडून 'ओपन सोर्स' हे नाव घेतले. मराठीत त्याला 'खुला स्रोत' किंवा 'मुक्त स्रोत' असे दोन्ही म्हटले जाते. 'मुक्त' या शब्दामागे बंधन आणि बंधनातून सुटका ही सारी नैतिक परंपरा उभी असते. 'खुला' हा शब्द मात्र मैदानाशी आणि बाजाराशी जवळीक सांगतो; १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने त्याला जो अर्थ दिला तो अजूनही त्याला चिकटून आहे. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची संहिता प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले त्या वेळच्या चर्चेत नव्या नावाचा जन्म झाला, आणि उद्योगधंद्यांना नीतीच्या भाषेने बिचकवू नये हा त्यामागचा एक स्पष्ट हेतू होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी हे नाव नाकारले ते याच कारणासाठी. संहिता उघडी ठेवल्याने आज्ञावली अधिक चांगली होते हा खुल्या गटाचा युक्तिवाद. ती चांगली होवो वा न होवो, वापरणाऱ्याला तिचा गुलाम करणे अन्याय्य आहे हा मुक्त गटाचा. पहिला युक्तिवाद उपयुक्ततेचा आहे, दुसरा हक्काचा.

याहून उद्बोधक आहे 'खासगी' या शब्दाचा इतिहास. मराठेशाहीत 'खासगी' हे धन्याच्या घरच्या कारभाराचे खाते होते. खासगीवाले हे त्या कारभारावरच्या अधिकाऱ्याचे नाव पुढे आडनाव झाले. होळकरांच्या राज्यात दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा ठेवला जाई. म्हणजे खासगी ही सत्ताधाऱ्याची मिरासदारी होती. रयतेला खासगी नसे, तिला फक्त घर असे, आणि त्या घराची नोंद गावच्या दप्तरात असे. 'गोपनीय' या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी जो 'गुप्' धातू आहे त्याचा मूळ अर्थ रक्षण करणे असा आहे. लपवणे हा अर्थ मागाहून आलेला. जे जपावयाचे ते गोपनीय. या दोन शब्दांतून प्रश्नाचे दोन पदर आपोआप उलगडतात: खासगी कोणाला असते, आणि ते कोणापासून जपावयाचे असते?

३

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगम सांगताना स्टॉलमन यांचा एक अनुभव नेहमी सांगितला जातो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास आलेल्या एका मुद्रकयंत्राची आज्ञावली त्यांना दुरुस्त करावयाची होती. तिची मूळ संहिता दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकापाशी होती, आणि त्याने गुप्ततेच्या कराराचे कारण देऊन ती दाखवण्यास नकार दिला. एका अभ्यासकाने दुसऱ्या अभ्यासकाला वाचू न देण्याचे वचन तिसऱ्या कोणाला आगाऊ देऊन ठेवले होते, हा त्या अनुभवातील दंश होता. १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली, आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना सिद्ध झाला. चालवणे, अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रती वाटणे अशी चार स्वातंत्र्ये या विचारात मानली जातात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेला लिनक्सचा गाभा पुढील वर्षी याच परवान्याखाली आला.

या परवान्याची युक्ती अशी की तो स्वामित्वहक्काचा कायदा नाकारत नाही. त्याच कायद्याचा आधार घेऊन पुढच्या वाचकाला असे बांधून घेतो की त्याने आपल्या पुढच्या वाचकाला मोकळे ठेवलेच पाहिजे. त्यात एक बारीक अट आहे, आणि पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ती विशेष लक्षणीय वाटावी. संहितेत बदल करणाऱ्याने आपण बदल केल्याची ठळक नोंद केली पाहिजे, अशी ती अट होय. प्रक्षेपाला परवानगी आहे, पण अनामिक प्रक्षेपाला नाही.

येथे एकनाथांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात यापुढे कोणी आपल्या ओव्या घालू नयेत असा कडक इशारा शेवटी दिला. तीन शतकांच्या हस्तलेखनात ग्रंथात काय काय शिरले होते याचा अनुभव घेतलेल्या संपादकाची ती व्यथा होती. एकनाथांचा उपाय संहिता बंद करण्याचा आहे: वाचनाला सर्वांना मोकळी, लेखनाला कोणालाही नाही. ज्या काळी प्रत्येक नकलाकार आपला बदल मूळ पाठात मिसळून टाकू शकत होता आणि तो ओळखण्याचे साधन नव्हते, त्या काळी याखेरीज दुसरा उपाय दिसत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने वेगळा मार्ग पत्करला. वि. सी. सुकथनकर यांच्या संपादनपद्धतीत स्वीकृत पाठ वर आणि नाकारलेले पाठभेद खाली, अशी पृष्ठाची विभागणी झाली. वाचकाला संपादकाचा निर्णय दिसतो आणि तो निर्णय मोडून काढण्याची सामग्रीही त्याच पानावर मिळते. संपादकाची सत्ता नाहीशी होत नाही, पण ती तपासता येते. टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेली गिट ही आवृत्तिनियंत्रणाची प्रणाली नेमके हेच करते: प्रत्येक ओळ कोणी, केव्हा, कशाच्या जागी घातली, याची तळटीप ती जन्मभर सांभाळते. उघड्या संहितेचे नैतिक सामर्थ्य तिच्या नुसत्या दृश्यतेत शोधू नये; बदलाची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर टाकणाऱ्या या नोंदवहीत ते आहे.

४

तथापि उघडी संहिता म्हणजे वाचली गेलेली संहिता, असे समीकरण मांडले की फसगत होते. एरिक रेमंड यांनी १९९७ च्या निबंधात असा विश्वास व्यक्त केला होता की पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष फार काळ लपून राहत नाही. ओपनएसएसएल या संहितेचा अनुभव वेगळा आहे. महाजालावरील असंख्य व्यवहार ज्या संहितेच्या भरवशावर गुप्त राखले जात होते तिच्यात २०१२ च्या मार्चमधील आवृत्तीपासून एक चूक होती, आणि ती २०१४ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे दोन वर्षांनी, हार्टब्लीड या नावाने उघडकीस आली. त्या चुकीतून सर्व्हरच्या स्मृतीचे तुकडे, प्रसंगी खासगी किल्ल्याही, परक्याला वाचता येत होत्या. संहिता सर्वांसमोर होती. ती वाचणे हे मात्र कोणाचेच काम नव्हते. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, हा गावच्या पाणवठ्याचा अनुभव येथेही आला.

२०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या संहितेत जे सापडले ते अधिक गंभीर होते, कारण ती चूक नव्हती, तो घात होता. एका टोपणनावाच्या सहकाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक दुरुस्त्या करून, ती संहिता जवळजवळ एकट्याने सांभाळणाऱ्या मूळ लेखकाचा विश्वास संपादन केला आणि मग वितरणासाठी बांधलेल्या प्रतीत एक चोरदरवाजा घातला. पाठचिकित्सेच्या दृष्टीने यातील मर्म असे की त्या दरवाजाला चालना देणारा भाग सार्वजनिक भांडारातील पाठात नव्हताच. तो फक्त वाटल्या जाणाऱ्या प्रतीत होता, आणि उरलेला भाग चाचणीच्या फायलींमध्ये निरर्थक भासणाऱ्या रूपात दडवलेला होता. मूळ पोथी शुद्ध आणि छापलेले पुस्तक भ्रष्ट, असा हा प्रकार. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला आणि त्यातून हे उघड झाले. संहिता उघडी होती म्हणून त्याला शोध पूर्ण करता आला हे खरे. पण शोधाचा आरंभ वाचनातून झाला नाही, खटकण्यातून झाला.

केन थॉम्प्सन यांनी ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषणात याच्याही तळाशी हात घातला होता. मूळ संहिता निर्दोष असली तरी तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर दूषित असू शकतो. त्या कंपायलरची संहिता निर्दोष दिसली तरी तिचे रूपांतर करणारा आधीचा कंपायलर दूषित असू शकतो. जे स्वतः संपूर्णपणे रचलेले नाही त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे वाचनाने विश्वासाची गरज संपत नाही. विश्वास कोठे ठेवावयाचा ती जागा फक्त बदलते. मुद्रित पुस्तक हाती घेणारा वाचकही जुळारी, मुद्रितशोधक आणि संपादक यांच्यावर असाच न पाहता विश्वास टाकत असतो.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. वेदांच्या संहितापाठाबरोबर पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन असे पाठ रचून एकेका वर्णाची जी राखण झाली तिला मानवी इतिहासात तोड नाही. पाठशुद्धीची ती अत्यंत कार्यक्षम व्यवस्था होती. आणि तीच व्यवस्था शूद्रांना आणि स्त्रियांना त्या पाठापासून दूर ठेवणारीही होती. संहिता निर्दोष असणे आणि संहिता न्याय्य असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. खुल्या गटाचा उपयुक्ततेचा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. बंद ठेवूनही संहिता शुद्ध राखता येते. प्रश्न ती ज्यांच्यावर चालते त्यांच्या हक्काचा आहे.

आणि आता हा हक्क एका वेगळ्याच वळणावर येऊन थांबला आहे. जुन्या परवान्याची कल्पना अशी होती की संहिता प्रतीच्या रूपाने वाचकाच्या हाती येईल. जी संहिता दूरच्या सर्व्हरवर चालते तिची प्रत वाटलीच जात नाही, त्यामुळे परवान्याचे बंधनही लागू होत नाही. ही फट बुजवण्यासाठी २००७ मध्ये अफेरो परवान्याची नवी आवृत्ती निघाली, पण तिचा स्वीकार मर्यादित राहिला. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा मुक्त गाभा आहे. त्याच्या वर माणसाची ये-जा, ओळखीपाळखी आणि आवडीनिवडी टिपणाऱ्या बंद सेवांचे मजले उभे आहेत. शोशाना झुबॉफ यांनी २०१९ च्या ग्रंथात ज्या अर्थव्यवस्थेला पाळतीची भांडवलशाही म्हटले, तिचा पाया पुष्कळ अंशी उघड्या संहितेचाच आहे. येथे वाचनाची दिशा उलटली आहे. वाचकाला संहिता दिसत नाही. संहिता वाचकाला वाचते. रोलाँ बार्त यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू जाहीर केला तेव्हा वाचकाचा जन्म अभिप्रेत होता. वाचक स्वतःच पाठ होईल आणि त्याचा अर्थ लावणारा अदृश्य राहील, ही शक्यता त्या मांडणीत नव्हती.

५

मग उघडेपणाचा आणि गोपनाचा मेळ कसा बसतो? त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर एका भाषाभ्यासकाने देऊन ठेवले आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स हे मूळचे डच, पॅरिसमध्ये जर्मन भाषेचे अध्यापक. १८८३ मध्ये लष्करी गूढलेखनावरील लेखात त्यांनी असे तत्त्व मांडले की गूढलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्थेला धोका पोचता कामा नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. आजच्या सर्व विश्वसनीय गूढलेखनाचा हा पाया आहे. कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असावी, सर्वांनी ती तपासावी, फोडून पाहावी. त्यातूनच प्रत्येकाच्या किल्लीला अर्थ प्राप्त होतो. म्हणजे येथे उघडेपणा आणि गोपन ही एकमेकांची विरोधी मूल्ये राहत नाहीत. पद्धतीचे उघडेपण ही व्यक्तीच्या गोपनाची अट आहे.

महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांशी हे तत्त्व ताडून पाहण्याजोगे आहे. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये म्हणून पंथाने चौदाव्या शतकापासून सकळा, सुंदरी इत्यादी लिप्यांचा आश्रय घेतला. या लिप्यांत रहस्य होते ते पद्धतीतच. प्रत्येक पोथीला स्वतंत्र किल्ली नव्हती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळा लिपी उलगडली तेव्हा एक पोथी उघडून थांबली नाही, तर त्या लिपीतील सारेच भांडार एकदम उघडे पडले. मराठी गद्याचा इतिहास त्यामुळे नव्याने लिहावा लागला हा लाभ निर्विवाद आहे. पण नैतिक प्रश्न विचारावयाचा तर हेही नोंदवले पाहिजे की धर्मसत्तेच्या रोषाला पात्र झालेल्या एका अल्पसंख्य पंथाचे ते गोपन होते. वेदविद्येचे गोपन आणि महानुभावांचे गोपन यांना एकाच शब्दाने संबोधता येते, पण त्यांना एकाच न्यायाने तोलता येत नाही. पहिल्यात बलवानाने दुबळ्यापासून ज्ञान राखले. दुसऱ्यात दुबळ्याने बलवानापासून स्वतःला राखले.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हाच भेद अमेरिकेत कायद्याच्या चौकटीत तपासला गेला. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी ही गूढलेखनाची आज्ञावली सामान्य माणसाच्या हाती दिली. प्रबळ गूढलेखन निर्यातीच्या नियमांत युद्धसामग्रीत मोडत असल्यामुळे १९९३ पासून त्यांची चौकशी झाली आणि १९९६ च्या जानेवारीत ती सोडून देण्यात आली. दरम्यान १९९५ मध्ये त्या आज्ञावलीची मूळ संहिता एमआयटी प्रेसने पुस्तक म्हणून छापली. तबकडीवर जी युद्धसामग्री होती ती कागदावर येताच ग्रंथ झाली, आणि ग्रंथाच्या निर्यातीला बंदी नव्हती. १९९६ मध्ये बर्नस्टाइन या गणिताच्या विद्यार्थ्याच्या खटल्यात कॅलिफोर्नियातील संघीय जिल्हा न्यायालयाने मूळ संहिता ही अभिव्यक्ती असल्याचे मान्य केले. खासगीपणाचे साधन सार्वजनिक वाचनाला खुले करण्याचा हक्क, असे या लढ्याचे स्वरूप होते. त्याच काळात एरिक ह्यूज यांनी १९९३ च्या जाहीरनाम्यात खासगीपणा आणि गुप्तता यांत भेद केला: स्वतःला जगासमोर निवडकपणे प्रकट करण्याची शक्ती म्हणजे खासगीपणा. ही व्याख्या मौलिक आहे, कारण ती खासगीपणाला भिंत मानत नाही, बोलण्याचा एक प्रकार मानते. निवडक प्रकटीकरण हे सर्व आत्मपर लेखनाचेही तत्त्व होय.

६

भारतीय राजकारणात हा प्रश्न अनुभवाला येतो तो दोन कायद्यांच्या ताणातून. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. गरिबांना अन्नवस्त्राची चिंता असते, असले हक्क मूठभरांच्या कामाचे, या आशयाचा युक्तिवाद त्या सुनावणीत पुढे आला होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो निःसंदिग्धपणे फेटाळला. 'खासगी' हे धन्याचे खाते असण्याच्या काळापासून रयतेलाही खासगी असते असे मानण्यापर्यंतचा प्रवास या निर्णयात घटनात्मक पातळीवर पूर्ण झाला, असे म्हणता येईल.

दुसरा कायदा माहितीच्या अधिकाराचा. महाराष्ट्राने तो २००२ मध्ये केला आणि केंद्राने २००५ मध्ये. त्याच्यामागे राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेच्या १९९४ पासूनच्या जनसुनवाया होत्या. त्या सभांत सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले जात. ज्यांची नावे मजूर म्हणून लिहिली होती ते उठून सांगत की आपण त्या कामावर कधी गेलोच नाही. साक्षरतेच्या इतिहासात या वाचनाला मोठे स्थान मिळावे. निरक्षर माणसाने दप्तर वाचून घेतले आणि त्यातील आपल्या नावाचा खोटा पाठ स्वतः दुरुस्त केला. महाराष्ट्रालाही रोजगार हमीच्या हजेरीपटांचा परिचय आहे, त्यामुळे या प्रसंगाचा अर्थ येथे विशद करण्याची गरज नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीला संरक्षण होते, पण ते सशर्त होते. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अकारण आक्रमण करणारी माहिती नाकारता येई, आणि तेथेही व्यापक लोकहिताचा अपवाद होता. विदासंरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातील कलम ४४(३) ने या अटी गाळून 'वैयक्तिक माहिती' एवढाच निकष ठेवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याचे नियम अधिसूचित झाले तेव्हा ही दुरुस्तीही अमलात आली. कलम ८(२) मधील लोकहिताचा सर्वसाधारण अपवाद अद्याप आहे, हे खरे. पण तो वापरणे पुन्हा अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून आहे. हजेरीपटातील नाव ही वैयक्तिक माहिती आहे. ठेकेदाराचे नाव हीही वैयक्तिक माहिती आहे. त्याच कायद्याच्या कलम १७(२) खाली सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या नावाने शासनाच्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते. परिणामी रयतेने मिळवलेले खासगी धन्याच्या खात्यात परत जमा होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

करोनाच्या साथीतील आरोग्य सेतूचा अनुभव याच प्रश्नाचे तांत्रिक रूप दाखवतो. २ एप्रिल २०२० रोजी ही प्रणाली सुरू झाली. टीका झाल्यावर २६ मे रोजी तिच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता प्रसिद्ध करण्यात आली. ते पाऊल स्वागतार्ह होते. परंतु त्या दिवशी उघडा झाला तो नागरिकाच्या खिशातील भाग. गोळा झालेली माहिती जेथे जाते त्या सर्व्हरचा भाग तेव्हा उघडला गेला नव्हता. अर्धी संहिता वाचून विधान समजत नाही. कर्ता दिसावा आणि क्रियापद झाकलेले असावे, तशी ही स्थिती होती.

या सर्व उदाहरणांतून एक निकष हाती येतो. उघडेपणा आणि गोपन हे वस्तूंचे गुण नसून संबंधांचे गुण आहेत. ज्या संहितेची सत्ता दुसऱ्यांवर चालते, मग ती संगणकाची असो, कायद्याची असो वा दप्तराची, ती त्या सत्तेच्या प्रमाणात उघडी असली पाहिजे. ज्या व्यक्तीवर सत्ता चालते तिला सत्तेपासून झाकून राहण्याचा हक्क त्याच प्रमाणात असला पाहिजे. आरंभी ज्याला वदतोव्याघात म्हटले गेले तो एकाच न्यायाचा दोन दिशांनी केलेला विनियोग आहे.

७

हा निकष निरपवाद आहे असे मात्र मानता येत नाही. त्यापुढची पहिली अडचण स्त्रीवादी विचाराने दाखवून दिलेली आहे. घराची भिंत शासनाला बाहेर ठेवते तशी ती आतील हिंसाही झाकते. 'हा आमचा घरचा मामला' या वाक्याने शतकानुशतके खासगीचे जे रक्षण केले ते घरातील बलवानाचे. तेव्हा खासगीच्या आतही सत्तासंबंध असतात आणि तेथेही तोच निकष लावावा लागतो. घर ही एक व्यक्ती नव्हे. खासगीपणाचा हक्क घराला नाही, घरातील प्रत्येकाला आहे.

दुसरी अडचण साहित्याने उभी केली आहे. दया पवार यांच्या 'बलुतं'पासून, म्हणजे १९७८ पासून, दलित आत्मकथनांनी जे झाकले गेले होते ते उघडे करणे हीच राजकीय कृती मानली. ह्यूज यांच्या व्याख्येने तिचे समर्थन होते, कारण तेथे लेखक स्वतःला प्रकट करतो, कोणी त्याला उघडे पाडत नाही. पण कोणतेही आत्मकथन एकट्याचे नसते. त्यात आई असते, बायको असते, वस्ती असते. आणि त्यांची संमती बहुधा घेतलेली नसते. त्यांपैकी पुष्कळांवर लेखकाइतकीच, कधी अधिक, सत्ता चाललेली असते. विदेच्या जगातही नेमकी हीच गोष्ट घडते. एका माणसाने आपल्या भ्रमणध्वनीतील ओळखींची यादी एखाद्या सेवेला दिली की त्याने आपल्याबरोबर इतर अनेकांनाही दिलेले असते. एकाच्या जनुकीय चाचणीत त्याच्या भावंडांचेही काही उघड होते. संमतीचा कायदा व्यक्तीला एकक मानतो. माहिती मात्र नात्यांतून वाहते. या विसंगतीचे उत्तर सध्याच्या कोणत्याही कायद्यात किंवा परवान्यात नाही, आणि केवळ सत्तेच्या तुलनेनेही ते मिळत नाही, कारण आई आणि लेखक, मित्र आणि मित्र यांच्यात कोण बलवान हे दर वेळी ठरवता येईलच असे नाही.

येथे मुक्त सॉफ्टवेअरच्या परंपरेतील ती लहानशी अट पुन्हा उपयोगी पडते: ज्याने बदल केला त्याने नोंद ठेवावी. उघड करणाऱ्याची, वाचणाऱ्याची आणि अर्थ लावणाऱ्याचीही नोंद असावी, आणि ज्याला वाचले गेले त्याला ती पाहता यावी. आज नागरिकाच्या प्रत्येक हालचालीची नोंद होते, पण ती नोंद कोणी वाचली याची नोंद त्याला मिळत नाही. पाठाला वाचकांची यादी मागण्याचा हक्क असावा, ही मागणी साहित्यशास्त्राला विचित्र वाटेल, कारण तेथे पाठ हा माणूस नसतो. जेथे पाठ हाच माणूस आहे तेथे ती किमान मागणी आहे. तिने आई आणि लेखक यांच्यातील तिढा सुटत नाही. पण वाचणारा निनावी राहणार नाही एवढी हमी मिळाली, तर तो तिढा निदान दोन ओळखीच्या माणसांमधला राहील.